घरच्या शेंगांचा भाव

कोपऱ्यावरच्या भाजीवालीने आज पोपटाच्या शेंगा आणल्या. पुण्यात त्यांना वाल म्हणतात. पोपट मागितला तर लोक आधी माझ्याकडे आणि मग झाडाकडे बघतात. ओल्या पोत्यावर पसरलेल्या त्या हिरव्या शेंगा, कडेला जांभळी रेघ, आणि हातात घेतल्यावर येणारा तो किंचित उग्र वास. बाईने भाव सांगितला. मी पाव किलोच घेतल्या. तिने त्या तागडीत टाकल्या, काटा जरा खाली झुकला तशी एक शेंग परत काढून घेतली. त्या एका शेंगेपाशी माझा सगळा कार्तिक येऊन उभा राहिला.

आमच्याकडे कार्तिक आधी नाकाला कळतो. सडक अर्जुनीला आमचं घर महामार्गापासून फार लांब नाही, त्यामुळे बारा महिने डिझेलचा आणि ढाब्यावरच्या फोडणीचा वास असतो. पण दिवाळी सरली की एका सकाळी या सगळ्यावर कापलेल्या धानाचा वास चढतो. जरासा गोड, जरासा धुळीचा. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, कापलेल्या कडपा आडव्या पडलेल्या असतात, त्यांच्यावर दव असतं, आणि दवावर ऊन पडलं की सगळं शिवार नुकतं अंघोळ करून आल्यासारखं दिसतं. रस्त्यावरून रायपूरकडे जाणारे ट्रक चाललेले असतात, आणि त्यांच्या बाजूने बाया डोक्यावर भारे घेऊन चाललेल्या असतात. कोणालाच घाई नसते. निदान आठवणीत तरी नसते.

असाच एक कार्तिक. दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं उलटली असतील. मी तेव्हा नागपुरातून अर्थशास्त्राचं एम.ए. करून घरी आले होते, आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेच्या गोंदिया केंद्रात मला संशोधन सहायकाची नोकरी लागली होती. पद ऐकायला भारदस्त, काम मात्र पायपिटीचं. गावोगाव जायचं, अंगणात बसायचं आणि विचारायचं, महिन्याला तेल किती लागतं, मीठ किती, साबण कोणता. लोक कसे जगतात आणि त्याला किती पैसे पडतात, एवढंच शोधायचं. आई शेजारणींना सांगायची, "मायी पोरगी लोकाच्या चुलीत डोकावून पाहते आन् तिले त्याचा पगार भेटते."

माझ्या जोडीला मनोज होता. तो गोंदिया शहरातला, घरी हिंदी बोलणारा, मामाची राईस मिल असलेला. मोटारसायकल त्याची आणि गावाची ओळख माझी, अशी आमची भागीदारी होती. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर गाडी लावून आम्ही खाली उतरायचो. पाणी ओसरलेलं असायचं, काठाच्या चिखलात बगळे उभे असायचे, आणि पलीकडे धानाचा पिवळा रंग डोंगराच्या निळ्यापर्यंत गेलेला असायचा. मनोज म्हणायचा, "यार, इधर बैठने का भी पैसा मिलना चाहिए." मी म्हणायची, "मिळतो ना, तोच तर मिळतो." आणि दोघंही थोडं जास्तच हसायचो. कारण आमचा पगार खरंच तेवढाच होता.

त्या वर्षी संस्थेने ठरवलं की सगळ्या केंद्रांवरच्या सहायकांचे पगार नव्याने बांधायचे. पुणे, नागपूर, गोंदिया, काम एकच. पण जिथे राहणं महाग तिथे पगार जास्त, जिथे स्वस्त तिथे कमी. तत्त्व म्हणून यात वावगं काही नव्हतं. मीसुद्धा मान डोलावली असती. आणि कोणत्या गावाला राहायला किती लागतं, हे ठरवायला त्या त्या जिल्ह्यातली काही घरं आणि आम्हा कर्मचाऱ्यांची घरं निवडली होती. म्हणजे आमच्याच पाहणीवरून आमचा पगार ठरणार होता.

मला घरी राहायचं होतं. ते सरळ सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मला पुणं नको होतं, नागपूरही नको होतं. पण लहान भाऊ नागपूरला पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात होता, आणि बाबा महामार्गावर ट्रकच्या टायरांचे पंक्चर काढायचे, त्यातून त्याची खानावळ भागत नव्हती. गोंदियाचा पगार थोडा जरी वाढला असता तरी मी राहू शकले असते. न वाढला तर पुण्याची एक जागा रिकामी होती, तिच्यासाठी मला विचारलं होतंच. तेव्हा त्या कार्तिकात मी देवाला न मानणारी मुलगी मनातल्या मनात एकच मागणं मागत होते, की आमचा जिल्हा महाग निघू दे.

आणि जिल्हा काही महाग निघायला तयार नव्हता.

तलावाखालच्या गावात फुलनबाई नावाची एक म्हातारी होती. अंगणात धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं रचलेलं, त्याच्या सावलीत ती शेंगा सोलत बसलेली. मी विचारलं, "मावशी, भाजीला महिन्याचे किती जातात?"

"भाजीले? भाजीले कायचे पैसे वं?"

नियम असा होता की घरचं पिकलेलं खाल्लं तरी त्याला घरच्यांनी सांगितलेला भाव लावायचा. आम्ही आमच्या मनाने काही लिहायचं नाही. म्हणून मी लाडीगोडी लावून म्हटलं, "या शेंगा बाजारात विकल्या असत्या तर काय भाव आला असता?"

तिने हात थांबवले. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या सुनेची किंमत विचारली होती. "मी कायले इकीन बाजारात? वावराच्या धुऱ्यावर आपोआप येते, शेजारी नेते, पाहुना आला तं त्याले देतो. तुया घरी भाव करून जेवतेत का वं?" आणि माझी ओढणी ओढून तिने त्यात ओंजळभर शेंगा बांधल्या. मनोजने भाजीच्या रकान्यात शून्य लिहिलं. त्या शेंगा मी परतीच्या वाटेवर कच्च्याच खाल्ल्या, आणि कितीतरी वेळ तोंडात ती हिरवी चव होती.

असंच सगळीकडे. मासे? बोडीतले, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यातले. सरपण? आहे की जंगल. दूध? जावेच्या घरून येते. लाखोरीची डाळ, जवस, अंबाडी, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, सगळं आपोआप येणारं. आपोआप म्हणजे कोणीतरी पहाटे उठून, कमरेत वाकून, चिखलात पाय रुतवून आणलेलं. पण पाहुण्यासमोर त्याची किंमत सांगणं म्हणजे आपल्या घरी मोजून-मापून वाढतात असं कबूल करणं. आमच्या मुलखात माणूस एकवेळ उपाशी राहील, पण असं म्हणवून घेणार नाही. कोणी 'महाग झालं हो' म्हणावं म्हणून मी कान टवकारून बसायची, आणि लोक मला चहा पाजून सांगायचे, "काही कमी नाही बाई, मजेत हाओ."

आता इतक्या वर्षांनी वाटतं, मी त्या दिवसांत सगळ्यात श्रीमंत लोकांमध्ये हिंडत होते आणि त्यांनी गरीब असल्याचं सांगावं म्हणून वाट पाहत होते. पण तेव्हा असलं काही सुचत नव्हतं. तेव्हा फक्त भावाची खानावळ डोळ्यासमोर होती.

मग आमच्या घराची पाळी आली. स्वतःच्या घरात आपण विचारायचं नाही आणि मधे बोलायचंही नाही, म्हणून मनोज येणार होता. मी आईला फक्त इतकंच म्हटलं, "आई, तो विचारेल ते खरं खरं सांग."

"तुया पगारासाठी येऊन राहिला ना तो?"

"हो. त्यावरूनच ठरणार आहे."

आईने मान हलवली. तिच्या मनात काय चाललंय हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळायला हवं होतं. तिने अंगण नव्याने सारवलं. दारावरच्या पंचशील ध्वजाची घडी मोडून तो नीट लावला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी पुसल्या. शेजारच्या रंगारीकाकूंकडून प्लास्टिकची खुर्ची आणली, स्टीलची चार ताटं आणली. मला वाटलं, पाहुण्यासाठी करतेय.

मनोज दुपारी आला. आईने त्याला आधी जेवायला बसवलं. नव्या तांदळाचा भात होता. नव्या भाताला एक वास असतो, तो शब्दांत सांगायला गेलं की नुसतं 'गोड' म्हणता येतं आणि ते पुरत नाही. त्यावर पोपटाच्या शेंगांची रस्सेदार भाजी, जवसाची चटणी, बोडीतल्या मासोऱ्या. मनोज बिचारा बोटं चाटत जेवला. मग तो शेजाऱ्यांच्या खुर्चीवर बसला आणि मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

"काकू, चावल महीने का कितना लेते?"

"तांदूर घरचा. इकत कायले घ्यावं?"

"मतलब बाजार में लिया तो कैसे किलो पडेगा?"

"आमी कधी इकतच नाही घेतला बापू. मले का मालूम?"

आमच्या दोन बांध्या होत्या. त्यातलं धान होळीपर्यंत जेमतेम पुरायचं. मग बाबा रेशनचा तांदूळ आणायचे, तोही संपला की किराणा दुकानातला. आईला भाव तोंडपाठ होता.

"तेल?"

"जवस हाय ना. घानीवर देतो काढून."

"भाजी?"

आईने हात हलवला. सगळं अंगण, धुरा, बोडी, अख्खा तालुका त्या हातात आला. "भाजीले कोन पैसे देते?"

मनोज जरा घुटमळला. त्याला माझी अडचण ठाऊक होती. त्याने वर माझ्याकडे पाहिलं, आणि मी तसबिरींकडे पाहिलं. मग त्याने शेवटचं विचारलं, "और दीदी का खर्चा? इनका आने-जाने का, कपडा-लत्ता, चाय-पानी?"

आई ताठ बसली. आजही डोळे मिटले की तिचं ते बसणं दिसतं, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला, केसांना तेल. "माया पोरीले काही लागत नाही," ती म्हणाली. "ते घरावर भारी नाही आन् घर तिच्यावर भारी नाही. लिव तू."

मनोजने लिहिलं.

तो गेल्यावर मी आईवर चिडले. खरंच चिडले, आवाज चढवून. "काऊन असं सांगितलंस? तांदूळ विकत आणतो ना आपण उन्हाळ्यात? मी बसला रोज पैसे देते ना?"

आई ताटं घासत होती, परत द्यायची म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "पगार ठरवून राहिले ना ते? मंग त्याइले वाटलं पायजे का पोरगी चांगल्या घरची हाय. नाही नाही करनाऱ्याले कोन जास्त देते वं? त्याले तं वाटीभरच देतेत."

हे कुठून आलं ते मला माहीत होतं. आईची सासू, माझी आजी, नवी सून असताना गावात सणावाराला घरोघर जाऊन उरलंसुरलं मागून आणायची. रिवाजच होता तसा. छप्पन साली घराने दीक्षा घेतली, आणि आजीच्या सासऱ्याने ती मागायची टोपली स्वतःच्या हाताने चुलीत घातली. त्यानंतर आमच्या घरात पाहुण्यासमोर 'नाही' हा शब्द कोणी उच्चारला नाही. मीठ संपलं तरी "आनतोच आता" म्हणायचं. आई त्या घरात सून म्हणून आली आणि हा धडा तिने आमच्यापेक्षा जास्त मनावर घेतला. मागणाऱ्याला वाटीभर मिळतं, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. पगाराचं गणितही तिने त्याच हिशेबाने मांडलं. तिने माझ्यासाठी जे करता येईल ते सगळं केलं होतं, उसन्या खुर्चीसकट.

मार्गशीर्षात आमच्या गावाची मंडई भरली. धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते; लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दिवसा दंडार नाचते आणि नाटकाचे कागद भिंतीभिंतींवर चिकटलेले असतात. ढोलकी वाजत होती. तळणाचा धूर, गुलाबी फुगे, कोवळं ऊन, आणि त्या गर्दीतून मोटारसायकल ढकलत येणारा मनोज.

"आ गया रिझल्ट," तो म्हणाला. "अपना जिल्हा सबसे सस्ता. पगार वही का वही, उल्टा थोडा कम. मैं तो यार मामा की मिल में बैठ जाऊंगा." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "तेरी आई का खाना लेकिन, भूलूंगा नहीं मैं."

मी हसले. दुसरं काय करणार! दंडारीतले पोरगे रंगीत फडकी घेऊन गोल फिरत होते आणि माझं सगळं गाव त्यांच्याबरोबर फिरतंय असं मला वाटत होतं, सारवलेलं अंगण, तलावाची पाळ, फुलनबाईचं पुंजणं, सगळं एकदा जवळून आणि मग जरा लांबून.

पुण्याच्या सरांशी फोनवर बोलले तेव्हा ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "खर्च वजा जाता दोन्हीकडे हातात सारखंच उरतं हो. उगाच पुणं म्हणजे जास्त पगार असं समजू नका." भला माणूस होता, आणि त्याचा हिशेबही चुकलेला नव्हता. कागदावर दोन्ही पारडी बरोबर होती. फक्त गोंदियाच्या पारड्यात जे उरत होतं ते शेंगा, मासोऱ्या आणि जावेच्या घरचं दूध होतं, आणि ते काही नागपूरच्या खानावळीत चालत नाही. पुण्यात उरेल ते थोडं असलं तरी रोख होतं. मी पुण्याला हो म्हटलं.

निघाले त्या सकाळी महामार्गावर धुकं होतं. ट्रकचे दिवे धुक्यातून पिवळे होऊन येत आणि पुन्हा विरघळून जात. बाबांनी बॅग गाडीच्या टपावर चढवली. आईने नव्या तांदळाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीतून आत हात घालून माझा गाल चाचपला. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. डोळ्यांत पाणी होतं, पण वरचढ आनंदच होता.

"पाह्यलंस?" ती म्हणाली. "तू चिडून राहिली होती मायावर. पन झालं का नाही? पगार वाढला, थेट पुन्याले बोलावलं. मी म्हनलं होतं ना, घर चांगलं दिसलं पायजे."

गाडी सुटली. मी मान हलवली. तेवढीच.

त्याला आता बरीच वर्षं झाली. भाऊ नोकरीला लागला, बाबांनी पंक्चरचं दुकान बंद केलं. मी पुण्याच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, मग एका लहानशा फ्लॅटमध्ये आले. इथे प्रत्येक गोष्टीला भाव आहे, आणि तो विचारायला कोणाला लाज वाटत नाही, हेही मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? मी आजही तेच काम करते, लोकांना जगायला किती पडतं ते शोधते. नव्या मुलांना शिकवताना सांगते, 'घरचं' असं कोणी म्हटलं की घाईने शून्य लिहू नका, जरा बसा, चहा घ्या, पुन्हा विचारा. मुलं ऐकून घेतात. पण पुन्हा विचारून काय होणार, हे माझं मलाच ठाऊक आहे. मी चौकटीला टेकून उभी होतेच की.

आज रविवार. शेंगा सोलायला बसले होते. खिडकीतून ऊन आलं होतं, तसंच कोवळं, आणि बोटांना तो उग्र वास लागला होता. फोन वाजला. आईने हल्ली मोबाइल घेतलाय. दर रविवारी सकाळी ती जोरात बोलते, जणू पुण्यापर्यंतचं अंतर आवाजानेच कापायचं आहे. धान निघालं, म्हणाली. फुलनबाई गेली, म्हणाली. मागच्या आठवड्यात, शेवटपर्यंत धुऱ्यावर जात होती. मागे कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजला.

"का करून राहिली वं?"

"पोपटाच्या शेंगा सोलतेय."

"तिथंसुद्धा भेटते?" तिचा आवाज एकदम उजळला, आणि लगेच त्यात काळजी शिरली. "तिथं लय महाग असंन ना वं सगळं? कशा भेटल्या, किलोने?"

पिशवी समोरच होती. पाव किलो, आणि त्यातलीही एक शेंग काढून घेतलेली.

"शेजारच्या काकूंनी दिल्या, आई," मी म्हटलं. "मला इथे काही लागत नाही."